सुजलेला गुडघा चोळावा का?

आमच्या ओळखीच्या एक बाई वाकोल्याला राहतात. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी त्यांनी उजवा गुडघा बदलून घेतला. शस्त्रक्रिया चांगली झाली, दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं, पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. दहाव्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तर बाई पलंगावर पाय लांब करून बसलेल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय सुजून तुकतुकीत झालेला, पोटरीवर हिरवे-जांभळे डाग.

शेजारी मालीश करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. आजूबाजूच्या चाळींतल्या कितीतरी बाळंतिणी आणि त्यांची बाळं मावशींच्या हाताखालून गेलेली. त्यांनी तेलाची बाटली सोबतच आणली होती. "बाई, आठ दिवस पाय माझ्या हातात द्या. खालून वर असा चोळून काढते की सूज राहायची नाही," असं त्या म्हणत होत्या. बाईंच्या हातात रुग्णालयातून मिळालेला कागद होता. त्यावर गोळ्यांच्या यादीखाली 'मसाज टाळा' एवढे दोनच शब्द. का टाळा, किती दिवस टाळा, कुठे टाळा, याबद्दल अक्षर नाही.

बाईंनी आमच्याकडे पाहून विचारलं, "चोळू की नको? आणि नको असेल तर का नको, तेही सांगा. नुसतं 'नको' सांगून मी वर्गात कधी सुटले नाही, तुम्हालाही सोडणार नाही."

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून, विचारून जे हाती लागलं ते इथे मांडत आहोत. गुडघे बदललेलं माणूस आता प्रत्येक गल्लीत भेटतं आणि हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो.

'गुडघा बदलणं' हा शब्द थोडा फसवा आहे. सगळा गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवरची झिजलेली कूर्चा, तिच्या खालच्या हाडाच्या काही मिलिमीटर जाडीच्या चकत्यांसह कापून काढतात. त्या जागी वर धातूची टोपी आणि खाली धातूची बैठक बसवतात. दोहोंच्या मध्ये टणक पॉलिथिलीनची चकती असते. दाताला टोपी बसवतात तसंच काहीसं. आज वापरात असलेल्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा मूळ आराखडा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर तो घडवणाऱ्यांत चित्तरंजन राणावत हे भारतीय शल्यचिकित्सक होते. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये आणि जून २००१ मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात, तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे एकेक करून बदलले. वर्तमानपत्रांनी रोजच्या रोज बातम्या दिल्या आणि 'गुडघा बदलता येतो' हे घरोघरी पोचलं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये (कर वेगळा) ठरली. त्याआधी रुग्णाला दीड लाखाच्या पुढे मोजावे लागत. त्यामुळे पूर्वी ज्यांना हे परवडत नव्हतं असेही लोक शस्त्रक्रियेला तयार झाले. पण शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने घरात कसे काढायचे, याची माहिती मात्र तितकीशी पोचलेली नाही.

सूज मोजू या

बाईंनी एक काम न सांगता केलं होतं. शिंप्याच्या टेपने गुडघ्याचा घेर रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ४० सेंटिमीटर, सातव्या दिवशी ४४. "चारच सेंटिमीटर वाढलाय, मग पाय एवढा जड का वाटतो?" असं त्यांनी विचारलं.

हे गणित आठवी-नववीच्या वर्गात जरूर करून पाहावं. पाय साधारण गोल नळीसारखा धरला, तर घेर व्यासाच्या प्रमाणात वाढतो, पण छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले ४π. घेर ४० असताना ते सुमारे १२७ चौरस सेंटिमीटर भरतं, ४४ असताना सुमारे १५४. म्हणजे घेर दहा टक्क्यांनी वाढला, पण क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी. फरक २७ चौरस सेंटिमीटरचा. गुडघ्याच्या वर-खाली मिळून दहा सेंटिमीटर लांबीचा भाग एवढा सुजला असेल, तर तिथे जवळजवळ २७० घन सेंटिमीटर जास्तीचा द्रव साठला आहे. पाव लिटरहून थोडं अधिक! मांडी आणि पोटरीची सूज धरली तर तांब्याभर पाणी त्या पायात सहज निघेल.

हे पाणी आलं कुठून? शस्त्रक्रियेत हाड कापलं जातं, सांध्याचं अस्तर उघडतं, स्नायू बाजूला ओढून धरतात. इतक्या मोठ्या जखमेभोवती शरीर दुरुस्तीचं काम काढतं. तिथल्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी केशवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतल्या फटी मोठ्या होतात. एरवी आत राहणारी प्रथिनं रक्तद्रवाबरोबर बाहेर झिरपतात. कापलेल्या हाडातून रक्तही पाझरत राहतं. ते गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं आणि आठवड्याने पोटरीवर, घोट्यावर हिरवे-जांभळे डाग उमटतात. घरच्यांना वाटतं, नवीनच काही झालं. ते डाग म्हणजे गुडघ्यातलंच जुनं रक्त आहे.

म्हणजे सूज हा दुरुस्तीचाच भाग. पहिल्या आठवड्यात ती सर्वांत जास्त असते, मग हळूहळू उतरते आणि थोडीफार तीन महिने किंवा त्याहूनही अधिक रेंगाळते. ती पूर्ण टाळता येत नाही. साठलेलं पाणी परत जातं कसं आणि त्याला हाताने मदत करता येते का, एवढाच प्रश्न उरतो.

पाठ्यपुस्तकातली एक दुरुस्ती

केशवाहिनीतून पाणी बाहेर का येतं आणि परत आत कसं जातं, याचा हिशेब अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली मांडला. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं परासरणाने पाण्याला आत ओढतात. केशवाहिनीच्या सुरुवातीला दाब जास्त, म्हणून पाणी बाहेर. शेवटाला दाब कमी, म्हणून पाणी आत. उरलंसुरलं थोडं पाणी लसीकावाहिन्या घेऊन जातात. आपण सर्वांनी हेच शिकवलं आहे.

अलीकडे या चित्रात दुरुस्ती झाली आहे. केशवाहिनीच्या आतल्या पृष्ठभागावरच्या चिकट थराचा विचार केल्यावर असं दिसलं की बहुतेक ऊतींमध्ये शेवटाच्या टोकालाही पाणी फारसं परत आत जात नाही. लेविक आणि मिशेल या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी २०१० साली हा हिशेब नव्याने मांडला. बाहेर आलेलं जवळजवळ सगळं पाणी लसीकावाहिन्यांनाच उचलावं लागतं. पाण्याबरोबर बाहेर पडलेल्या प्रथिनांना तर दुसरी वाटच नाही. तेव्हा लसीकासंस्था ही 'उरलंसुरलं' नेणारी दुय्यम व्यवस्था नसून परतीचा मुख्य रस्ताच आहे.

आणि हा रस्ता फार नाजूक आहे. लसीकावाहिनीचं सुरुवातीचं टोक बंद असतं आणि तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर आलेल्या असतात. त्यांना बाहेरून बारीक तंतू ऊतींशी बांधून ठेवतात. ऊतीत पाणी वाढलं की तंतू ताणले जातात, कडा उघडतात, पाणी आत शिरतं. पुढच्या जाड वाहिन्यांत ठराविक अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतः आकुंचन पावून लसीका पुढे ढकलतो. पायाच्या वरच्या थरातल्या बहुतेक लसीकावाहिन्या गुडघ्याच्या आतल्या बाजूने वर जाऊन जांघेतल्या ग्रंथींपाशी जमतात. शस्त्रक्रियेचा छेद गुडघ्याच्या पुढच्या भागात असतो. तिथल्या बारीक वाहिन्या कापल्या जातात, त्यांना पुन्हा जोडलं जायला वेळ लागतो. पाणी वाढलेलं आणि वाटा कमी झालेल्या, असा दुहेरी पेच.

बाईंना हे आम्ही त्यांच्या खिडकीबाहेरच्या उदाहरणाने सांगितलं. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीतून समुद्राला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि वाकोल्यातली घरं पाण्यात गेली. तेव्हा घरातलं पाणी झाडूने बाहेर लोटून काही उपयोग होता का? बाहेर गल्ली भरलेली, गल्लीचं पाणी ज्यात जायचं तो नाला भरलेला, नाल्यापुढची मिठी भरलेली. आधी पुढचं उतरलं, मग मागचं. बाई हसून म्हणाल्या, "कपाटाच्या वरच्या फळीवर बसून पाहिलंय सगळं."

सुजलेल्या पायाचंही तसंच. घोट्यापासून जोर लावून वर रेटलं, तर पाणी जिथे अडलं आहे त्या गुडघ्यापाशीच आणखी दाटी होते. जोराच्या दाबाने लसीकावाहिन्यांचं तोंड उघडण्याऐवजी मिटतंही.

अलगद हाताची पद्धत

१९३० च्या दशकात एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड हे डॅनिश दांपत्य फ्रान्समधल्या कान शहरात मालीशचा व्यवसाय करत होतं. लसीकेचा प्रवाह हाताने वाढवण्याची एक पद्धत त्यांनी बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये ती लोकांसमोर मांडली. आपल्या मालीशच्या सर्व कल्पनांच्या ती उलट आहे. हाताचा जोर अगदी कमी, कातडी जरा सरकेल एवढाच. स्नायूपर्यंत दाब पोचूच द्यायचा नाही. सुरुवात सुजेपासून करायची नाही. आधी जांघेपाशी, मग मांडीचा वरचा भाग, मग खालचा, आणि गुडघ्याच्या जवळपास सर्वांत शेवटी. म्हणजे आधी खाडी, मग नदी, मग नाला. हालचाल संथ, कातडी ताणायची, सोडायची, थांबायचं.

आणि तेल नाही! हे मावशींना पटणं सर्वांत कठीण गेलं. तेलाने घर्षण कमी होतं, हात कातडीवरून घसरतो. इथे हात घसरायला नको, हाताबरोबर कातडी सरकायला हवी, कारण ती सरकली तरच तिच्या खालचे ते बारीक तंतू ताणले जातात. तेल कातडीतून झिरपून सांध्यात जातं ही समजूतही खरी नाही. मालीशच्या तेलाचा उपयोग हाताला आणि कातडीला.

आता खरा प्रश्न. याने गुडघ्याची सूज उतरते का? इथे आम्हाला थोडं सावधपणे बोललं पाहिजे, कारण या पद्धतीची जाहिरात करणारे फार मोठमोठे दावे करतात. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गुडघा बदललेल्या चाळीसेक रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी असं मालीश दिलं, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. मालीश मिळालेल्या गटाचा गुडघा जास्त वाकू लागला आणि हा फरक सहा आठवड्यांनंतरही दिसला. सूज मात्र दोन्ही गटांत सारखीच उतरली. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या गटाने साठ रुग्णांवर हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ दिला, पण मालीशऐवजी शिथिलीकरणाची सत्रं दिली. पुन्हा सुजेत फरक नाही. मालीशनंतर लगेच वेदना कमी झाल्या आणि तीन महिन्यांनी त्या गटात गुडघा पूर्ण सरळ न होण्याची तक्रार थोडी कमी आढळली.

म्हणजे ज्यासाठी करायचं ते होत नाही आणि भलताच थोडा फायदा होतो! वेदना का कमी होते याचं एक उत्तर मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्तात सापडतं. कातडीवरच्या स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की तिथूनच वर जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवली जाते. मुलाला लागलं की आई त्या जागेवरून हात फिरवते, तेव्हा ती हेच करत असते. वेदना कमी असली की माणूस गुडघा वाकवायला कमी भितो. एवढ्यासाठी जाणत्या हाताचं अलगद मालीश घ्यायला हरकत नाही, असं आमचं मत.

सुजेत फरक का पडला नसावा, याचा एक धागा पुढे सांगितल्या तर प्रयोगात सापडतो.

सांध्याच्या आतलं पाणी

गुडघ्याची सूज एका जागी नसते. काही पाणी कातडीखालच्या थरात असतं. अंगठ्याने दहा सेकंद दाबलं तर तिथे खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. पण बरंच रक्त आणि पाणी सांध्याच्या बंद पिशवीच्या आत असतं. तिथपर्यंत कातडीवरचा हात पोचत नाही, अलगद नाही आणि जोराचाही नाही.

आणि हे आतलं पाणी अधिक त्रासाचं. १९६५ साली आणि पुन्हा १९८४ साली संशोधकांनी एक धाडसी प्रयोग केला. निरोगी माणसाच्या गुडघ्यात सुईने मिठाचं निर्जंतुक पाणी थोडं थोडं सोडलं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. १९८४ च्या प्रयोगात अवघं २० ते ३० मिलिलिटर पाणी गेलं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग ढिला पडू लागला. ५० ते ६० मिलिलिटरला बाकीचे भागही. दुखापत नाही, हाडाला धक्का नाही, फक्त चार-पाच चमचे पाणी! सांध्याची पिशवी ताणली गेली की तिच्यातल्या चेतातंतूंकडून मज्जारज्जूला संदेश जातो आणि मज्जारज्जू त्या स्नायूचा पुरवठा आवरता घेतो. माणसाच्या इच्छेचा त्यात भाग नाही.

गुडघा बदलल्यानंतर महिन्याभराने मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेली असते. त्याचं एक मोठं कारण हे आहे. 'पाय उचला म्हणतात पण उचलतच नाही' असं रुग्ण म्हणतो आणि घरचे म्हणतात 'मनावर घेत नाही'. बाईंच्या मुलानेही तेच म्हटलं होतं. त्याला आम्ही हा चार चमच्यांचा प्रयोग सांगितला.

मग या स्नायूला जागं करायचं कसं? पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबायचा आणि मांडी आवळून पाच सेकंद धरायची, दिवसातून अनेकदा. पाय सरळ ठेवून उचलायचा. टाच घासत गुडघा वाकवायचा. अशा कंटाळवाण्या व्यायामांवर सगळं उभं आहे. फिजिओथेरपी मुंबईला नवी नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीनंतर परळच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली होती. पण आपल्याकडे अजूनही रुग्णाला 'करून घेणं' आवडतं, 'करणं' नाही. दुसऱ्याने अर्धा तास पाय चोळला की उपचार झाल्यासारखं वाटतं; स्वतः दहा वेळा मांडी आवळली तर काहीच केलं नाही असं वाटतं.

पोटरीतला पंप

आणखी एक गणित. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत अंतर सुमारे १२० सेंटिमीटर. तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब घोट्याच्या शिरेवर पडतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, रक्त पाण्याहून किंचित जड. भागाकार केला तर हा दाब जवळजवळ ९० मिलिमीटर पारा येतो. नुसतं उभं राहिलं किंवा खुर्चीत पाय सोडून तासभर बसलं, की या दाबाने केशवाहिन्यांतून पाणी पाझरत राहतं. कोकणातून रात्रभर एसटीत बसून आल्यावर चपलेचा पट्टा का रुततो, ते यावरून कळेल.

चालू लागलं की चित्र पालटतं. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात, झडपांमुळे रक्त वरच जातं, आणि काही पावलांतच घोट्याच्या शिरेतला दाब तीस मिलिमीटरच्या खाली येतो. लसीकेलाही याच पिळण्याने धक्का मिळतो. झोपल्या-झोपल्या पाऊल वर-खाली हलवलं तरी हा पंप थोडाफार चालतो. दर तासाला वीस-पंचवीस वेळा पाऊल हलवणं हे त्या पायाला बाहेरच्या कोणत्याही हातापेक्षा जास्त कामाचं मालीश आहे, तेही पोटरीच्या आतून झालेलं.

झोपताना पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवला की स्तंभ उलटा होतो. इथे एक चूक फार घरांत होते. उशी गुडघ्याखाली ठेवतात, कारण तसं बरं वाटतं. पण गुडघा तासन् तास वाकलेला राहिला तर तो तसाच आखडतो. उशी टाचेखाली आणि पोटरीखाली हवी, गुडघा सरळ.

चाललं की सूज कमी होते म्हणून कोणी दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहू नये. थोडं चालायचं, पाय वर घेऊन पडायचं, पुन्हा थोडं चालायचं. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवला तर ठणका कमी होतो.

आता 'मसाज टाळा' का, ते

शस्त्रक्रियेनंतर पायात रक्त संथ वाहतं, रक्तवाहिन्यांना धक्का पोचलेला असतो आणि जखम भरण्यासाठी रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. ही तिन्ही कारणं एकत्र आली की शिरेत गुठळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिरशो यांच्या अभ्यासातून पुढे आलेलं हे त्रिकूट आजही तसंच शिकवतात. गुडघा बदलल्यानंतर पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होण्याची भीती पहिले काही आठवडे असते, म्हणून तर रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात आणि दुसऱ्याच दिवशी उभं करतात. अशी गुठळी असलेली पोटरी जोराने चोळली, तर तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत अडकू शकतो. अशाने जीव जातो. मालीशनंतर असं घडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. घटना थोड्या आहेत, पण गुठळी आहे की नाही हे बोटांना कळत नाही, आणि चोळण्याचा मोह नेमका पोटरी दुखते तेव्हाच होतो.

पोटरी एकाएकी जास्त दुखू लागली, गरम झाली, उतरत आलेली सूज पुन्हा वाढली, तर चोळायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर थेट रुग्णालय गाठायचं, वाट पाहायची नाही.

दुसरं कारण जखमेचं. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. जखम पूर्ण मिटेपर्यंत तिच्याजवळ तेल, लेप, हात काहीच नको. तिथून शिरलेले जंतू धातूच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसले, तर औषधांना दाद देत नाहीत आणि कधी कधी नवा गुडघाच काढावा लागतो. मधुमेह असेल तर ही भीती अधिक. तिसरं कारण, रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना जोराने रगडलं तर कातडीखाली नव्याने रक्त साकळतं आणि सूज वाढते.

म्हणजे तो कागद बरोबर होता, फक्त अपुरा. त्यावर आणखी चार ओळी असत्या तर मावशींशी झालेला वाद वाचला असता. अभ्यंगाचं माहात्म्य सांगणाऱ्या आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांतसुद्धा ताप किंवा अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. मालीश केव्हा करू नये हा प्रश्न काही परका नाही.

पंधरवड्याने आम्ही पुन्हा वाकोल्याला गेलो. टाके निघाले होते. मावशी होत्याच, बाईंनी त्यांना यायला मनाई केली नव्हती, फक्त तेलाची बाटली कपाटावर ठेवून दिली होती. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मावशींना जांघेपासून सुरुवात करून अलगद हात कसा फिरवायचा ते दाखवलं होतं. "हे काय मालीश! नुसतं कुरवाळणं आहे," असं मावशींचं मत पडलं, पण रोज दहा मिनिटं त्या ते करत. पोटरीला कोणी हात लावत नव्हतं. छेदाची खूण पूर्ण वाळून घट्ट झाली की तिच्यावर बोट ठेवून कातडी खालच्या थरापासून मोकळी करायला शिकवीन, असं त्या मुलीने सांगून ठेवलं होतं. त्या वेळी थोडं खोबरेल चालणार होतं. मावशी त्या दिवसाची वाट पाहत होत्या.

वहीत घेर ४२ वर आला होता. गुडघा नव्वद अंशांच्या जरा पुढे वाकत होता.

निघताना मावशींनी आम्हाला दारापाशी थांबवलं. त्यांना गुठळीची गोष्ट डाचत होती. "मग माझ्या बाळंतिणींचं काय? त्यांच्यापण पायाला सूज असतेच की," त्यांनी विचारलं. आम्ही जे माहीत होतं ते सांगितलं. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पहिल्या सहा आठवड्यांत बाळंतिणीलाही अशी गुठळी होऊ शकते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर बहुधा ती साधी सूज असते. एकच पाय सुजलेला, दुखरा, गरम असेल तर त्याला हात न लावता आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग बाईंना म्हणाल्या, "तुमचा तो टेप दोन दिवस द्या मला. नाक्यावरच्या सुनेचा डावा पाय मला काल मोठा वाटला होता."